महाविद्यालयात लिंगभाव आणि निरोगी नात्यांवर काम कसं उभं करावं: वर्षभराचा आराखडा

बहुतेक महाविद्यालयांत या विषयावरचं काम म्हणजे 8 मार्चच्या आसपास सभागृहात झालेलं एक व्याख्यान. तीनशे विद्यार्थी बसवायचे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषासाठी फोटो काढायचे आणि अहवाल आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडे पाठवायचा. व्याख्यानाचा सूरही ठरलेला असतो: मुलींनी सावध राहावं, मुलांनी मुलींचा आदर करावा. यातून मुलींना कळतं की जबाबदारी आपलीच आहे आणि मुलांना कळतं की हा आपला विषय नाही. म्हणजे कार्यक्रम न झालेला बरा.

हा आराखडा ज्यांच्या गळ्यात हे काम पडलं आहे त्यांच्यासाठी आहे: महिला विकास कक्षाच्या समन्वयक, राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) कार्यक्रम अधिकारी किंवा स्वतःहून पुढे आलेला विद्यार्थ्यांचा गट. कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तक्रार निवारणाची यंत्रणा चालू आहे का ते बघायचं, मग विद्यार्थ्यांचं ऐकायचं आणि त्यानंतर सत्रं घ्यायची. याचं कारण साधं आहे. सत्र चांगलं झालं की त्याच आठवड्यात कोणीतरी येऊन आपल्याबरोबर घडलेलं सांगतं. त्या वेळी त्यांना कोणाकडे न्यायचं हे ठरलेलं नसेल, तर आपण विश्वास मिळवून तो तिथेच घालवतो.

समिती कागदावर आहे की खरोखर आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालामुळे अनेक ठिकाणी अजून 'विशाखा समिती' हेच नाव चालतं. छळाच्या तक्रारी बघणाऱ्या या अंतर्गत तक्रार समितीचा आजचा आधार मात्र 2013 चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आणि खास उच्च शिक्षण संस्थांसाठी केलेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम हा आहे. विनियमांची प्रत मिळवा आणि आपल्या समितीच्या नियुक्तिपत्राशी ताडून बघा.

अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक हवी; महाविद्यालयात ती किमान सहयोगी प्राध्यापक असावी. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि या विषयात काम करणाऱ्या संस्थेतली एक बाहेरची व्यक्ती. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती समितीत बसू शकत नाहीत, आणि सर्वांत जास्त चूक इथेच होते. लहान महाविद्यालयात 'मॅडम अनुभवी आहेत' म्हणून विभागप्रमुखांनाच अध्यक्ष करतात आणि पुढे सगळी चौकशी त्या एका मुद्द्यावर अडकते.

मुदती तोंडपाठ हव्यात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. परिस्थिती तशी असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला जाते आणि त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत संपवून दहा दिवसांत अहवाल, आणि अहवाल मिळाल्यावर तीस दिवसांत कारवाई. अपिलासाठीही तीस दिवस. लिहिता येत नसेल किंवा हात थरथरत असतील, तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

दोन तरतुदी विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे अंतरिम संरक्षण. तक्रार शिक्षकाविरुद्ध असेल, तर त्या शिक्षकाला तक्रारदाराचे पेपर, प्रॅक्टिकल किंवा व्हायवा तपासण्यापासून दूर ठेवता येतं. 'अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत' या एका भीतीपोटी कितीतरी तक्रारी दाबल्या जातात, म्हणून ही तरतूद फलकावर ठळक लिहा. दुसरी म्हणजे 'परिसर' या शब्दाची व्याप्ती: शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव आणि तिथे नेणारी गाडी, हे सगळं त्यात येतं. शिवाय या विनियमांत प्रामुख्याने स्त्रियांचा विचार असला, तरी काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडतात याची स्पष्ट नोंद आहे.

समिती जिवंत आहे का, याची चाचणी दहा मिनिटांत होते. फलकावरच्या क्रमांकावर फोन करून बघा. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मॅडमचा निघू शकतो. समितीचा ईमेल कोण उघडतं ते विचारा. कार्यालयातले लिपिक उघडत असतील तर गोपनीयता तिथेच संपली. मग कॅन्टीनसमोर पहिल्या वर्षाच्या पाच जणांना विचारा, 'तक्रार करायची असेल तर कुठे जाशील?' पाचांपैकी दोघांनाही नीट सांगता आलं नाही तर सत्रांची घाई करू नका. आधी हे दुरुस्त करा.

आणि समितीला एक गोष्ट बजावून सांगा: 'बोलून मिटवून टाकू' हा तिचा अधिकार नाही. समेट फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशांची देवघेव बसत नाही.

विद्यार्थ्यांचं ऐकून घ्या, पण जपून

दुसऱ्या टप्प्यात आठ-दहा प्रश्नांची निनावी प्रश्नावली. गुगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे का ते दोनदा तपासा. महाविद्यालयाच्या खात्यावरून केलेल्या फॉर्मला अनेकदा लॉगिन लागतं, आणि मग 'निनावी' या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

'तुमचा लैंगिक छळ झाला आहे का?' असं विचारू नका. ज्यांच्याबरोबर घडलंय त्यांतले बरेच जण त्याला छळ म्हणत नाहीत. 'मस्करी होती', 'तो तसाच आहे' म्हणतात. वागणुकीबद्दल विचारा: नको म्हटल्यावरही कोणी वारंवार मेसेज केले का, शरीरावरून शेरे मारले का, तुमचा फोटो न विचारता काढला किंवा पुढे पाठवला का, जोडीदाराने फोन तपासायला मागितला का, आवाज किंवा चालण्यावरून 'बायल्या' म्हणून कोणी चिडवलं का. कोणाचंही नाव लिहायला जागा ठेवू नका. फॉर्मच्या शेवटी समितीचा आणि मदतीचा क्रमांक द्या.

हमखास निसटणारी बाब अशी. यांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात चारच मुली असतील, आणि फॉर्ममध्ये विभाग, वर्ष आणि लिंग असे तिन्ही रकाने असतील, तर उत्तर कोणाचं ते वर्गातल्या कोणालाही ओळखता येतं. यातला एकच रकाना ठेवा, आणि दहापेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचे आकडे वेगळे जाहीर करू नका.

प्रश्नावलीबरोबर परिसरफेरी काढा. सहा-आठ विद्यार्थ्यांना घेऊन एकदा दुपारी आणि एकदा शेवटचं प्रॅक्टिकल सुटल्यावर चाला. जिन्यातले दिवे, स्वच्छतागृहाच्या कड्या, पॅडसाठी झाकणाचा डबा, वाहनतळाचा अंधारा कोपरा, वसतिगृहापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता. यादी करून प्राचार्यांना द्या आणि दोन सोप्या गोष्टी महिन्याभरात करून घ्याच. कडी बसली, दिवा लागला की पुढच्या सत्राला लोक वेगळ्या मनाने येतात.

सत्रं घेणारी माणसं

बाहेरचा तज्ज्ञ समन्वयकांच्या, म्हणजे सत्रं घेणाऱ्यांच्या, प्रशिक्षणासाठी बोलवा. रोजचं काम आपल्याच माणसांनी करायचं. दोन शिक्षक आणि दुसऱ्या वर्षाचे दहा-बारा विद्यार्थी पुरतात. दुसऱ्याच वर्षाचे, कारण ते पुढचं वर्षभर हाताशी असतात. निवड करताना फक्त वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारे घेऊ नका. कला, वाणिज्य, विज्ञान, वसतिगृह, रोज गावाहून येणारे, मुलं, मुली असा मेळ हवा. ज्याच्याशी इतर मुलं मनातलं बोलतात, तो उत्तम समन्वयक.

प्रशिक्षण किमान दोन पूर्ण दिवसांचं. पहिल्या दिवशी विषय, दुसऱ्या दिवशी फक्त सराव: प्रत्येकाने पंधरा मिनिटं घ्यायची, बाकीच्यांनी अवघड प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. एक मर्यादा लेखी द्या: समन्वयक समुपदेशक नाही आणि चौकशी अधिकारीही नाही. ऐकायचं, माहिती द्यायची, योग्य ठिकाणी पोचवायचं. सत्र नेहमी दोघांनी मिळून घ्यावं, म्हणजे कोणी अस्वस्थ होऊन बाहेर गेलं तर एकाला मागे जाता येतं.

चार सत्रं, प्रत्येकी नव्वद मिनिटं

वीस ते पंचवीस जणांचा गट, गोलात बसलेला. बाकं जमिनीला ठोकलेली असतील तर जिमखाना किंवा वाचनालयाचा हॉल मागा. आठवड्याला एक सत्र. सबमिशनच्या आठवड्यात ठेवू नका, आणि शेवटच्या तासानंतर तर नकोच. एसटीच्या पासवर येणाऱ्या मुली गाडी चुकवून थांबणार नाहीत आणि नेमक्या त्याच वगळल्या जातील. मुलं-मुली एकत्र असावीत, असं आमचं मत. वेगळं बसवलं की 'हे त्यांच्यासमोर बोलायचं नसतं' हाच धडा पुन्हा पक्का होतो. मात्र पहिल्या सत्रात वीस मिनिटं वेगळे गट करून प्रश्न लिहून घ्या. चिठ्ठ्यांचा डबा फिरवताना सर्वांनी काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' असं. म्हणजे कोण लिहितंय हे कळत नाही.

सुरुवातीचा करार तीन ओळींचा: इथे ऐकलेली व्यक्तिगत गोष्ट बाहेर न्यायची नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही, बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं.

*पहिलं सत्र* लिंगभावावर, म्हणजे बाई आणि पुरुष म्हणून समाजाने ठरवून दिलेल्या भूमिकांवर. व्याख्येपासून सुरुवात केली की गट झोपतो. त्याऐवजी प्रत्येकाला आपल्या घरातल्या एका पुरुषाचा आणि एका बाईचा कालचा दिवस तासातासाने लिहायला सांगा: उठणं, पाणी भरणं, कामावर जाणं, जेवणं, टीव्ही, झोप. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारा: कोणाच्या कामाला पैसे मिळतात, कोणाचा आराम मध्येच तुटतो, आजारी पडल्यावर कोणाचं काम कोण करतं? यानंतर मुलांकडे वळा. घरची जबाबदारी, नोकरी लागेपर्यंत ऐकावे लागणारे टोमणे, 'मुलगा असून रडतोस?' हे वाक्य. मुलांनाही या चौकटीचा काच आहे हे त्यांच्याच तोंडून आलं, की 'हा कार्यक्रम आपल्याविरुद्ध आहे' ही अढी निम्मी सुटते. समलिंगी आणि ट्रान्स विद्यार्थ्यांचा उल्लेखही इथेच, सहज करा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि 6 सप्टेंबर 2018 च्या नवतेज सिंग जोहर निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. गटात कोणी तसं असेल असं धरूनच बोला, पण कोणालाही स्वतःबद्दल सांगायला लावू नका.

*दुसरं सत्र* संमतीचं. या मालिकेचा कणा हाच, म्हणून याला वेळ द्या. फळ्यावर एक प्रसंग लिहा: 'परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वर्गातला एक जण तुमच्या नोट्स मागतो. तुम्हाला द्यायच्या नाहीत. काय म्हणाल?' उत्तरं भराभर येतात: 'बघते', 'घरी राहिल्या', 'अजून पूर्ण नाहीत रे', 'ती घेऊन गेलीय', हसून विषय बदलणं, मेसेज पाहून उत्तरच न देणं. सगळी लिहून घ्या. मग मोजा, यांतल्या किती उत्तरांत 'नाही' हा शब्द आहे. एखाद्यात असेल, बहुधा एकाही नाही. पुढचा प्रश्न: 'समोरच्याला कळलं का, की नोट्स मिळणार नाहीत?' सगळे म्हणतात, कळलं. आता फळा न पुसता वरचा प्रसंग बदला: 'वर्गातला एक जण प्रपोज करतो. तुम्हाला नकोय.' उत्तरं तीच राहतात: 'बघते', 'घरचे ओरडतील', 'आत्ता अभ्यास आहे', हसणं, गप्प राहणं. आणि विचारा, नोट्सच्या वेळी जे लगेच कळलं ते इथे का कळत नाही?

इथे थांबा आणि शांतता सहन करा. समन्वयकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे या जागी घाईने उत्तर देऊन टाकणं. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, 'कळतं, पण ऐकायचं नसतं.' पडद्यावर मागे लागून मुलगी पटवणाऱ्या नायकाचा विषयही आपोआप निघतो.

मग संमतीच्या अटी सांगा: ती मोकळेपणाने दिलेली असावी, कशासाठी आहे ते माहीत असावं, एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, आणि ती कधीही मागे घेता येते. नशेतल्या किंवा झोपेतल्या माणसाची संमती नसतेच. शिक्षक आणि विद्यार्थिनी, किंवा गॅदरिंगमध्ये भूमिका देणारा सीनियर आणि फ्रेशर, यांच्यात 'हो' कितपत मोकळा असतो याची चर्चा होऊ द्या. शेवटची दहा मिनिटं कायद्याला. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 75 मध्ये लैंगिक छळ येतो आणि कलम 78 मध्ये पाठलाग. स्पष्ट नापसंती दाखवूनही मुलीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा तिच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा धमकीसारखा सांगू नका. तो शेवटी आला की माहिती वाटतो. सुरुवातीला सांगितला तर सभागृहातलं व्याख्यान पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं.

*तिसरं सत्र* नात्यांचं. जमिनीवर खडूने लांब रेघ काढा, एका टोकाला 'ठीक', दुसऱ्याला 'धोका'. वाक्यं वाचायची आणि प्रत्येकाने रेघेवर आपली जागा घ्यायची:

– तो रोज विचारतो, 'घरी पोचलीस का?'
– पोचल्यावर लोकेशन पाठवलं नाही तर रात्रभर भांडतो.
– दोघांनाही एकमेकांचे पासवर्ड माहीत आहेत.
– ती म्हणते, 'त्या ग्रुपमधून बाहेर पड, नाहीतर आपलं संपलं.'
– त्याने तिचा डीपी बदलायला लावला.
– 'तू सोडून गेलीस तर मी जिवाचं काहीतरी करून घेईन.'

पासवर्डच्या वाक्यावर गट नेहमी फुटतो आणि तेच हवं आहे. यावर निकाल देऊ नका; तीन प्रश्न द्या. नाही म्हणता येतं का? नाही म्हटल्यावर काय होतं? हा नियम दोघांनाही सारखाच आहे का? नातं कसं आहे हे ओळखायला हे तीन प्रश्न पुरतात, आणि ते मैत्रीला, घरालाही लावता येतात. काळजी आणि ताबा वरून सारखेच दिसतात. फरक दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतो.

याच सत्रात ब्रेकअपवर किमान पंचवीस मिनिटं. हिंसेचा धोका नातं तोडताना आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत वाढतो, आणि यावर मुलांशी कोणी बोलत नाही. भीती वाटत असेल तर एकांतात 'शेवटचं भेटायला' जायचं नाही; फोनवर सांगितलं तरी चालतं. आधी एका मैत्रिणीला कळवून ठेवायचं. पासवर्ड बदलायचे, लोकेशन शेअरिंग बंद करायचं, दुसऱ्याच्या फोनवर उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप लॉग-आउट करायचं. धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे ठेवायचे. ज्याला नकार मिळाला त्याच्याशीही बोला: रात्री लांबलचक मेसेज लिहायचा तर वहीत लिही, मित्रांना मध्यस्थ म्हणून पाठवू नकोस, तिच्या क्लासबाहेर 'फक्त बोलायला' उभा राहू नकोस, झोप लागत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, 14416 ला फोन कर. जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी कधीही हलक्यात घ्यायची नाही; ताबडतोब त्याच्या घरच्यांना किंवा वसतिगृहाच्या रेक्टरना कळवायचं. पण त्यावरचा उपाय म्हणून नात्यात परत जायचं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. जातीचा विषय निघेल, निघू द्या. आंतरजातीय नात्यात घरच्यांकडूनच धोका असू शकतो, आणि अशा वेळी 'आईवडिलांना विश्वासात घे' हा सरसकट सल्ला जिवावर बेतू शकतो.

*चौथं सत्र* बघ्यांचं. मध्ये पडणं म्हणजे मारामारी, असा समज असतो. पाच मार्ग प्रसंगासकट शिकवा: लक्ष दुसरीकडे वळवणं ('अगं, सर बोलावतायत तुला'), दुसऱ्या कोणाला बोलावणं, घडतंय ते नोंदवून ठेवणं, नंतर जाऊन 'ठीक आहेस ना?' विचारणं आणि सुरक्षित असेल तरच थेट टोकणं. चित्रीकरण केलं तर ते जिच्याबाबत घडलं तिच्याच हाती द्यायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. वर्गाच्या ग्रुपवर कोणी मुलींना गुण देणारी यादी टाकली तर काय लिहायचं, याचा सराव मोबाईल हातात घेऊन करा. हसण्याची इमोजी न टाकणं हेही काहीतरी केल्यासारखंच आहे.

हमखास येणारे तीन प्रश्न

'खोट्या तक्रारींचं काय?' टाळू नका. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद आहे; पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. समोरच्यालाही उत्तर आणि साक्षीदार देण्याची पूर्ण संधी मिळते, हे मुद्दाम सांगा.

'मुलींनी कपडे नीट घातले तर?' यावर वाद घालू नका. प्रश्नावलीतल्या घटना वाचा. त्या गणवेशात, प्रयोगशाळेच्या ॲप्रनमध्ये, फोनवर घडलेल्या असतात.

'सर, प्रेम करायचं की नाही ते सांगा.' हे सांगणं आपलं काम नाही, असं म्हणून पुढे जा.

कोणी येऊन सांगितलं तर

बसवा, पाणी द्या, दार अर्धवट उघडं ठेवा. 'सांगितलंस हे बरं केलंस', 'यात तुझी चूक नाही', 'तुला आत्ता काय हवं आहे?' एवढी तीन वाक्यं पुरतात. 'तू तिथे गेलीसच का?', 'आधी का नाही सांगितलंस?', 'नक्की असंच झालं का?' ही चौकशी नको. पूर्ण कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. पर्याय सांगा: समिती, पोलीस 112, महिला हेल्पलाइन 181, वैद्यकीय मदत, हिंसा सोसलेल्या महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर. निवड तिची किंवा त्याची.

अपवाद एक आणि तो मोठा. कनिष्ठ महाविद्यालयातले बरेच विद्यार्थी अठराच्या आतले असतात. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची संमती धरली जात नाही, आणि अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून अकरावी-बारावीच्या सत्राच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, 'असं काही सांगितलंत तर मला ते गुप्त ठेवता येणार नाही.' सगळं ऐकून घेतल्यावर हे सांगणं म्हणजे विश्वासघात. मुलांना 1098 हा बाल हेल्पलाइनचा क्रमांकही द्या.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी हा आताचा सर्वाधिक घाबरवणारा प्रकार. क्रम पाठ करून घ्या. पैसे किंवा आणखी फोटो द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण, खात्याची लिंक, तारीख यांचे स्क्रीनशॉट आधी घ्यायचे, ब्लॉक नंतर. ज्या ॲपवर टाकलं तिथे तक्रार करायची. प्रौढांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही विनामूल्य सेवा आहे: फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून तो फोटो चढवणं रोखता येतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, हेल्पलाइन 1930. आणि 'फोटो तूच पाठवलास ना?' याचं उत्तर: फोटो काढायला संमती असली, तरी तो इतरांना पाठवायला नव्हती, तर खासगी क्षणाचा असा फोटो पसरवणं न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हाच आहे. हे कलम महिलांसाठी आहे; मुलांच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ई कामाला येतं.

शिक्षक, कार्यालय, फाटकावरचे सुरक्षारक्षक

विद्यार्थ्यांना चार सत्रं आणि कर्मचाऱ्यांना शून्य, असं झालं तर काम फुकट जातं. शिक्षकांसाठी दोन तास, कार्यालय, ग्रंथालय, सुरक्षारक्षक आणि वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळे दोन तास. जोडी दिसली की घरी फोन लावणं, आयकार्ड काढून घेणं, मुलींना 'संध्याकाळी इथे काय करताय?' विचारणं म्हणजे सुरक्षा नव्हे. यामुळे खऱ्या अडचणीत मुलगी सुरक्षारक्षकाकडे जात नाही, हे त्यांना उदाहरणाने दाखवा. शिक्षकांना ठोस गोष्टी द्या: व्हायवा आणि प्रकल्पाची चर्चा दार उघडं ठेवून, वैयक्तिक नंबरवर रात्री मेसेज नाहीत, सूचना वर्गाच्या ग्रुपवर. लिपिकांना सांगा, नाव किंवा लिंग बदलाचा अर्ज आला तर खिडकीत सर्वांसमोर प्रश्न विचारायचे नाहीत.

मोजायचं काय आणि वही कोणाला द्यायची

हजेरी आणि फोटो नॅकला द्या. आपल्यासाठी तीन गोष्टी मोजा. समितीकडे कसं जायचं हे किती जणांना सांगता येतं, सत्राआधी आणि तीन महिन्यांनी. साक्षीदार म्हणून काही केलं का, या प्रश्नाची उत्तरं. आणि विचारपूस करायला आलेल्यांची संख्या, नावांशिवाय. पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. प्राचार्य आणि संस्थाचालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आकडा बघून ते उपक्रमच बंद करतील. वार्षिक अहवालात सलग काही वर्षं 'तक्रारी: शून्य' असेल तर समिती पोचत नाही असं समजून पुन्हा दहा मिनिटांची चाचणी करा.

वेळापत्रक साधारण असं बसतं: जून-जुलैमध्ये समितीची तपासणी आणि फलक, ऑगस्टमध्ये प्रश्नावली आणि परिसरफेरी, सप्टेंबरमध्ये समन्वयकांचं प्रशिक्षण, दिवाळीनंतर सत्रांची पहिली फेरी, गॅदरिंगच्या आधी चौथ्या सत्राची उजळणी. फेब्रुवारीत पुढच्या वर्षासाठी नवे समन्वयक निवडा आणि जुन्यांबरोबर किमान दोन सत्रांना बसवा. सत्रांचे आराखडे, चिठ्ठ्यांतले प्रश्न आणि क्रमांकांची यादी एका वहीत ठेवून ती मार्चमध्ये त्यांच्या ताब्यात द्या. व्यक्तिगत नोंदी या वहीत कधीच नकोत, त्या समितीच्या कुलपातच राहतात. जूनमध्ये महाविद्यालय उघडलं की वहीतला प्रत्येक क्रमांक फिरवून बघणं हे नव्या गटाचं पहिलं काम.